दोन बोअरची बंदूक

आमच्याकडं बंदूक हाय. दोन नळ्यांची, वडलांच्या येळची, परवान्याची. पाव्हना आला की मी तिसऱ्या वाक्याला बंदुकीवर येतो. पयलं वाक्य 'बसा', दुसरं 'पानी घ्या' आन तिसरं 'आमची बंदूक बगितली का?' बायको म्हनती, "अवो, मान्सं च्या प्यायला येत्यात, लढाईला न्हाई."

गावात मला कुनी नावानं हाक मारीत न्हाई. बंदूकवाले तात्या म्हनत्यात. खर्ड्याच्या बाजारात गेलो तरी 'या बंदूकवाले, बसा बंदूकवाले.' ऐकून मला लई बरं वाटायचं. यात एकच खोट हुती. बंदुकीत घालायला काडतूस न्हवतं. एक पन न्हवतं. कैक वर्सं न्हवतं.

वडील गेले तवा पत्र्याच्या डब्यात चार काडतुसं हुती. लाल कागदी खोळाची. एका पावसाळ्यात ती सर्दाळली. मला वाटलं, वाळवली की हुतील नीट. बायकोनं पत्र्यावर कुरडया घातल्या हुत्या, त्यांच्या शेजारी मी चार काडतुसं मांडली आन तिला म्हनलं, कावळं आलं तर ह्यांच्याकडं पन ध्यान दे. ती शिडीवरनं अशी उतरली की तीन पायऱ्या तिनं घेतल्याच न्हाईत. "पत्र्यावर बाँब मांडलेत आन मला म्हनतो राखन कर!" वाळली ती, पन फुगली ती फुगलीच. नळीत जाईनात. शेवटी ठान्यात नेऊन जमा केली. हवालदारानं डबा उघडून बगितला आन म्हनला, "तात्या, काडतुसं हायत का गुलाबजाम?"

तवापासनं बंदूक रिकामी. त्यात निवडनूक आली की ती ठान्यात जमा करावी लागती. आताशा निवडनुका इतक्या झाल्यात की बंदूक आमच्या घरी माहेरवाशिनीगत येती, चार दिस ऱ्हाती आन परत जाती. पन खुटीला टांगलेली असली की कुनाला काय कळतंय आत काय हाय. माज्या डोक्याचं बी तसंच हाय, चाळीस वर्सं लोकांनी धकवून घेतलं.

धकवून घेतलं न्हाई ते एकट्या आक्कानं.

आक्का म्हंजे माजी थोरली भैन. तिला गावातच दिलेली. तिचं रान आन माजं रान एका बांधाला. दाजी गेल्यापासनं ती एकटीच करती. बंदूक वडलांच्या नावावरनं माज्या नावावर करायची हुती तवा वारसांची संमती लागत हुती. आक्कानं सही दिली, पन देताना म्हनली, "जमिनीत मी वाटा मागत न्हाई. पन बंदुकीचा निम्मा आवाज माजा. माज्या रानावर बी बार काढायचा." मी म्हनलं, काढू की. बोलायला काय जातंय.

मागच्या वर्षी भादव्यात रानडुकरं आली. आक्काचा एक एकर भुईमूग हुता, शेंगा भरत आलेल्या. आठ दिसात डुकरांनी असा उकरला की नांगरलेलं रान बरं दिसावं. भाचा चाकणला कंपनीत हाय, त्यो आला, बांधावर उबा ऱ्हाऊन बगितलं आन म्हनला, "आई, झालं ते झालं. पुढच्या साली परत डुकरांनी खाल्लं तर रान बटईनं द्यायचं आन तू माझ्याकडं यायचं. मला तिकडं झोप लागत नाही, तू इथं एकटी."

पोरगं वाईट न्हाई. पन आक्का एकदा चाकणला ऱ्हाऊन आलेली. वीस दिस. चौथा मजला. मला म्हनली हुती, "खाली बगितलं की गाड्या, वर बगितलं की दुसऱ्याच्या संडासाचा पाईप. सून गुनाची हाय, नातू ग्वाड हाय, समदं खरं. पन पाय कुटं भुईला लागंना. लिफ्टमदी गेलं की मला वाटायचं हिरीत सोडलंय."

तर आक्कानं पोराला सांगितलं, "चालंल. पुढच्या साली डुकरांनी खाल्लं तर मी बोचकं बांधून येती. पन न्हाई खाल्लं, तर ह्यो इषय परत काढायचा न्हाई. कंदीच न्हाई."

भाचा म्हनला, "कबूल."

मंग आक्का माज्याकडं वळली. "आन तू रं? ती बंदूक काय आरतीला ठिवलीस? पुढच्या साली बार निगाला पायजे. मी चाकणला गेले तर तुज्यामुळं गेले, ध्यानात ठिव."

भाचा हसला आन म्हनला, "मामा, बघा बरं." मामा बनवनं हा शब्द कुन्या भाच्यानंच काढला असनार.

मला काडतूस आननं भाग पडलं.

खर्ड्याहून नगर म्हंजे जामखेड, आष्टी, कडा करत एस्टीत अंगाचा भुगा. नगरात बंदुकीचं एक जुनं दुकान हाय असं वडील सांगायचे. गेलो. मला वाटलं हुतं आत तलवारी लटकत असतील, वाघाचं तोंड असंल. आत बगतो तर कुलपं, बॅटऱ्या, चाकू, छर्र्याच्या बंदुका आन एक म्हातारे शेठ पेपर वाचत बसलेले.

मी म्हनलं, "शेठ, काडतुसं पायजेत."

"कुठला नंबर?"

मी मोबाईल नंबर सांगायला लागलो. शेठनं पाच आकडं ऐकून घेतलं, मंग हात वर केला. "काका, तुमचा नको. काडतुसाचा."

"त्याला बी फोन असतो?"

शेठनं पेपर घडी करून ठिवला. मान्साला बरं गिऱ्हाईक मिळालं की त्यो असाच पेपर ठिवतो. म्हनले, "आतला छर्रा बारीक का जाड, त्याचा नंबर असतो. पाखरांना बारीक, जनावराला जाड. तुम्हाला कशाला हवंय?"

"डुकरं यायलीत."

"मारायला परवानगी काढलीत?"

"मारायचं न्हाई वो. आमाला नुसता आवाज पायजे. आवाजाचं जे काय असंल ते द्या."

"आवाज सगळ्यांचा सारखाच. किंमत वेगळी."

"केवढ्याला?"

"एकशेऐंशी."

"डबा?"

"एक."

मी मनात हिशोब केला. आमच्याकडं इतक्यात पाव किलो मटान येतं. एकदा घोडा दाबला की पाव किलो मटान आभाळात. वडील म्हनायचे त्यांच्या येळंला कोंबडी इकली की पुरा डबा यायचा. पन आक्काचं तोंड डोळ्यापुढं आलं. म्हनलं, "द्या पंचवीस."

"नाहीत."

"मंग पाच द्या."

"एकही नाही."

"मंग किंमत कशाची सांगितली?"

"तुम्ही विचारलीत."

शेठ म्हनले, चार म्हैने झाले माल न्हाई. वरनंच सुटत न्हाई. सुटला तर पुन्याकडं थांबतो, हिकडं आला तर नेमबाजीच्या सरावाला जानारी पोरं एका दिसात उचलत्यात. फळबागवालं फोन करून करून दमलं. एक जन म्हनं गुळाच्या ढेपा घेऊन आल्ता, शेठ मला दोन तरी द्या. मी इचारलं, गूळ घेतला का? शेठ म्हनले, "गूळ घेतला. काडतूस कुठून देऊ?"

मंग त्यांनी माजा परवाना चाळला. "हा संपत आलाय. नवा करून ठेवा, नाहीतर माल आला तरी मला देता यायचा नाही. आला की फोन करतो." आन पेन काढून म्हनले, "आता सांगा तुमचा नंबर."

परवाना नवा करायचा तर आता समदं कॉम्प्युटरवर. जामखेडात एक ताई अर्ज भरून देती. तिच्या म्होरं बसलो. ती पडद्याकडं बगत इचारती आन मी सांगतो. नाव, गाव, वय.

"शिक्षण?"

"लई झालं, ताई. पन शाळंच्या भाईर."

तिनं 'निरक्षर' लिवलं. मला सही येती, तरी बी. मी सही शिकलो तीच मुळात ह्या बंदुकीपायी. अंगठेबहाद्दराच्या घरात बंदूक शोभत न्हाई असं वडील म्हनायचे.

"शस्त्र?"

"बंदूक."

"नळ्या?"

"दोन."

"बोअर?"

आता तुमीच सांगा. आमच्याकडं सोयरीक जुळवताना पयला सवाल कुठला? पोरगं काय करतं हा न्हाई. 'बोअर किती हायत आन पानी किती इंच?' ह्योच. बँकेत गेलं तरी बोअर, इम्याच्या फॉर्मात बोअर, तलाठी आला तरी बोअर. मी छाती फुगवून सांगितलं, "दोन."

तिनं टाईप केलं.

मी म्हनलं, "एक कोरडा हाय, ते बी लिवा. उगं खोटं नगं. दुसऱ्याला दीड इंच पानी हाय."

तवर ती पुढच्या रकान्यात गेल्ती. मला मनातनं सरकारचं लई कवतिक वाटलं. बंदुकीचा परवाना देतानी बी शेतकऱ्याच्या पान्याची चौकशी करत्यात म्हंजे राज्य चांगलं चाललंय. कागद निगाला, मी खाली मोठ्ठी सही ठोकली. ह्या टेबलावरनं त्या टेबलावर करत परवाना तयार व्हायला म्हैने गेले. आला तवा बायकोनं त्याला हळद-कुकू लावलं. वाचला कुनीच न्हाई.

जूनमदी आक्कानं भुईमूग पेरला. औंदा तिनं पेरला तसा कुनी पेरला नसंल. शेंगदाना शेंगदाना निवडून. बी कुनाला हात लावू दिलं न्हाई. मी माज्या रानात मका केली. आन रोज सकाळी आक्काची हाक बांधावरनं, "आला का रं फोन?" माजं लग्न झालं तवा बी कुनी एवढी वाट बगितली न्हवती.

फोन येईना. तवर काय तरी करायला पायजे म्हून कुनी तरी सांगितलं की डुकराला मान्साच्या केसाचा वास चालत न्हाई, नाकात केस गेलं की त्यो पळतो. मी खर्ड्यातल्या सलूनवाल्याकडनं दोन पोती केस आनलं. पंचक्रोशीचं समदं केस. आक्काच्या बांधाभवती टाकलं. त्याच दिशी वारं सुटलं. निम्मं केस माज्या घराकडं. बायको पीठ मळत हुती. त्या रातीला भाकरी खाताना मला तीनदा घास काढून बगावा लागला, आन तिनं एकदा इचारलं, "कुनाचा हाय?" मी म्हनलं, "पांढरा हाय, सरपंचाचा असंल."

चार दिस डुकरं आली न्हाईत. मला वाटलं जितलं. मंग पाऊस पडला, केस चिखलात बसलं आन डुकरं त्याच्यावरनं चालत आली. आक्कानं सकाळी माग बगितला. बांधाच्या कडंचं दोन वाफं उकरलेलं. ती म्हनली, "डुकरांनी केस बगितलं, त्यातलं पांढरं बगितलं, आन त्यास्नी कळलं गावात समदी म्हातारीच ऱ्हायलीत. आली बिनघोर." हसली, पन उकरलेल्या वाफ्यातनं एक एक शेंग येचून वट्यात टाकत हुती. आतला दाना कोवळा हुता. अजून निदान सात-आठ दिस पायजे हुतं.

त्याच दुपारी शेठचा फोन आला. "काका, माल आलाय. लवकर या."

दुसऱ्या दिशी पयल्या एस्टीनं गेलो. दुकानात पाच-सात मान्सं हुती. मी ऐटीत परवाना काऊंटरवर ठिवला. शेठनं बगितला, चष्मा काढून पुसला, परत बगितला.

"काका, बंदूक घरी कुठं ठेवता?"

"खुटीला."

"भिंत उभी आहे का अजून?"

मला काय कळंना. शेठनं परवाना शेजारच्या गिऱ्हाइकाला दावला. मिशीवाला मानूस हुता. त्यानं वाचलं आन मिशीत हसला. शेठ म्हनले, "काका, बोअरचा आकडा जितका लहान तितकी नळी मोठी असते. लोकांच्या बंदुका बारा बोअरच्या. त्या नळीत तुमचा अंगठा जाईल. इथं तुमची लिहिलीय दोन बोअर. त्या नळीत लिंबू जाईल."

मिशीवाला म्हनला, "कुठले म्हणालात तुम्ही, खर्ड्याचे? मग बरोबर आहे. किल्ल्यावर न्या ही. बुरूज मोकळाच आहे."

समदं दुकान हसलं. मी बी हसलो, कारन हसताना मला हळूहळू कळत गेलं. म्हनलं, "शेठ, दोन बोअर माज्या रानात हायत. एक कोरडा हाय."

शेठ स्टुलावर बसले. त्यांच्या डोळ्यातनं पानी आलं. दीड इंच असंल. त्यांनी स्वताच्या पैशानं मला च्या पाजला. पन काडतूस दिलं न्हाई. "पुस्तकात जे आहे तेच मी देऊ शकतो. बारा बोअरचं काडतूस दोन बोअरच्या परवान्यावर दिलं तर माझं दुकान जाईल."

"मंग दोन बोअरची द्या."

"ती आता मिळत नाहीत. मिळाली तर तुमच्या खांद्याची नवीन जोडणी करावी लागेल. आधी दुरुस्ती करून आणा. पण लवकर. हा माल चार दिवस टिकायचा नाही. आणि ऐकतोय की आचारसंहिता लागतेय. मग बंदूकच जमा."

कपाटात डबं दिसत हुतं. हात लांब केला असता तर लागलं असतं. मी च्या पिऊन भाईर आलो.

तिथनंच नगरातल्या परवान्याच्या ऑफिसात गेलो. तिथले सायेब म्हनले, "अर्जावर सही तुमचीच आहे. आता दुरुस्तीचा अर्ज द्या. पंधरा दिवस लागतील."

मी म्हनलं, "सायेब, पंधरा दिसात माजी भैन चाकणला जाईल."

"जाऊ द्या की. भावाला भेटायला येईल परत."

"डुकरं खात्यात म्हून जाईल वो."

ते येकदम ताठ झाले. "कुणाला खातात?" मंग मला पयल्यापासनं समदं सांगावं लागलं. फॉर्म, ताई, बोअर, दीड इंच पानी. ते पेन खाली ठिवून ऐकत बसले. शेवटी तोंडाला रुमाल लावून म्हनले, "उद्या बंदूक घेऊन या. नळीवर लिहिलेलं असतं. बघून घेऊ."

दुसऱ्या दिशी बंदूक खोळीत घालून एस्टीत बसलो. कंडक्टरनं इचारलं, "हे काय?" मी खरं ते सांगितलं, "बंदूक." माज्या बाजूचा मानूस उठून पुढं गेला. त्याच्या मागचा बी गेला. जन्मात पयल्यांदा खर्डा ते नगर मी आख्ख्या सीटावर आडवा होऊन गेलो.

ऑफिसच्या गेटावरल्या पोलिसानं नळ्या उघडून रिकाम्या हायत का बगितलं आन म्हनला, "हे बघा की इथं." नळीच्या बुडाला बारीक आकडा हुता. बारा. इतकी वर्सं मी त्याला चरा पडला समजून तेल लावत हुतो.

सायबानं शेजारच्या बाईंना हाक मारली, "मॅडम, हे बघा, ते दोन बोअरवाले काका." त्या आल्या, हसल्या, कागदावर बारीक सही केली. त्यांनी मला आतल्या मोठ्या सायबाकडं नेलं. "सर, ते कालचे." मोठ्या सायबानं इचारलं, "पाणी किती इंच म्हणालात?" मी म्हनलं, "दीड." ते बी हसले, त्यांनी बी सही केली. माजी फजिती टेबलाटेबलावरनं पुढं सरकत गेली आन तिच्या मागं मागं कागद. पंधरा दिसाचं काम दुपारच्या जेवनाच्या आत झालं. शानं असतो तर पंधरा दिसच लागलं असतं.

पळत दुकानात गेलो. शेठनं माज्याकडं बगून कपाट उघडलं. डबं गेल्तं. एका फोडलेल्या डब्यात दोन काडतुसं ऱ्हायली हुती.

"सकाळी पोरं आली होती. मी ही दोन बाजूला ठेवली. तुमची गोष्ट मी आल्या-गेल्याला सांगतोय, तेवढं तर देणं लागतो."

परवान्यावर नोंद झाली, शिक्का बसला. दोन काडतुसं खिशात घालून मी खर्ड्याला आलो ते असा आलो जनू तोफखाना घेऊन आलो.

आक्का बांधावरच हुती. मी काडतुसं तळहातावर ठिवून दावली.

"दोनच?"

"दोन आवाज हायत. निम्मा तुजा म्हंजे एक तुजा."

"शेंग काढायला अजून चार दिस हायत," ती म्हनली. "चार दिस तेवढं राख."

तिसऱ्या दिशी तांबडं फुटताना आक्कानं हाक मारली. हाक कसली, नुसतं "आरंऽऽ". मी बंदूक घेऊन धावलो. भुईमुगाच्या कडंला आठ-धा डुकरं, मदी बारकी पिल्लं. पुढचं धूड नाकानं माती उडवीत हुतं. आक्का हातात खराटा घेऊन उबी. खराटा! आन तिच्या मागं मी, बंदूक घेऊन.

दोन्ही नळ्या भरल्या. आभाळाकडं धरली. उजवा घोडा दाबला. टिक.

परत दाबला. टिक.

ह्याचं कारन मला म्हाईत हुतं, पन आक्काला सांगायची ती येळ न्हवती. गेली धा वर्सं ज्यो पाव्हना येईल त्याला मी रिकाम्या बंदुकीचा उजवा घोडा दाबून टिक करून दावीत आलो. त्यानं आतली कळ मोडती. शेठनं नंतर सांगितलं. मी माज्या हातानं निम्मी बंदूक मारून ठिवली हुती.

आक्का म्हनली, "आरं मुडद्या, बार काढतोस का घड्याळ हाय ते?"

डावा घोडा दाबला.

आवाज झाला. असा झाला की मला फक्त पयला निम्माच ऐकू आला, उरलेला आक्काच्या वाट्याला गेला असंल. मी मागं पाटात पडलो. खांदा कुटं गेला कळंना. उठून बगतो तर डुकरं शेपट्या वर करून पळालेली. भुईमूग मोकळा. आक्का टाळ्या वाजवीत हुती.

मंग मला मक्याचा आवाज आला. कडाकडा, कडाकडा.

डुकरं पळाली हुती ती बांध वलांडून. माज्या मक्यात. आन बुजलेलं डुकरू मका पाडताना धा कनसं मोडतं तवा एक खातं.

मी उजव्या नळीतलं काडतूस काढून डाव्या नळीत घातलं आन मक्याला वळसा घालून पलीकडच्या अंगाला धावलो. बंदूक वर करायला गेलो. तवर आक्का बांधावरनं किंचाळली, "थांब! बार काढू नगंस! हिकडं येतील! समदी हिकडं येतील परत!"

मी थांबलो.

तिकडं डोंगराच्या अंगाला मी उबा. हिकडं भुईमूग. मदी डुकरं. मी बार काढला असता तर ती सरळ शेंगांमदी गेली असती. आक्कानं खराटा खाली टाकला हुता आन पदर तोंडाला धरला हुता. तिला सांगावं वाटत हुतं की काढू नगं, आन ते सांगताना लाज बी वाटत हुती, कारन मका माजी हुती. आमी दोघं उबं ऱ्हायलो आन कडाकडा ऐकत ऱ्हायलो. ऊन वर आल्यावर डुकरं पोट भरून आपापली वढ्याकडं गेली.

गावात आता सांगत्यात, काय भाऊ हाय, भैनीसाठी डोळ्यादेखत मका घालवली पन घोडा दाबला न्हाई. मी मान खाली घालून ऐकून घेतो. खरं सांगायचं तर माजा हात खांद्यातनं वर जातच न्हवता. आक्का वरडली नसती तरी बार निगाला नसता. पन हे मी तिला सांगितलेलं न्हाई. बायकोला बी न्हाई. तिला मक्याचं सांगतानाच पुरं झालं हुतं.

दुसऱ्याच दिशी आक्कानं बाया लावल्या आन एक दिस आधीच भुईमूग उपटला. भाचा गाडी घेऊन आला. न्ह्यायला आला का बगायला आला, ते त्यानं सांगितलं न्हाई. पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून त्यो बी शेंगा तोडाया बसला. येल झटकताना शेंगा टच्च भरलेल्या निगत हुत्या आन आक्का दर मुठीला त्याच्याकडं बगत हुती.

दुपारी त्यानंच सुरुवात केली. "आई, बरोबर आहे. खाल्ला नाही डुकरांनी."

"मंग?"

"मग काय. शब्द दिलाय."

"मंग तोड की शेंगा. हात का थांबला?"

मी बांधावर गळ्यात फडकं अडकवून, हात त्यात ठिवून बसलो हुतो. भाचा म्हनला, "मामा, तुमच्या मक्याचं वाईट झालं."

आक्का म्हनली, "त्याला शेंगा देनार हाय मी. दोन पोती. मका काय, जनावरं बी खात्यात."

"मामी रागावली असेल."

"तिला तीन पोती."

संध्याकाळी भाच्यानं गाडीच्या डिकीत एक पोतं टाकलं. आक्का खिडकीशी उबी ऱ्हाऊन त्याला बजावत हुती की सुनेला सांग, शेंगा उकडायच्या आधी दोन पान्यानं धुवायच्या, माती जात न्हाई लवकर. त्यो व्हय व्हय म्हनत हुता. गाडी गेली. धूळ खाली बसूस्तवर ती रस्त्यात उबी हुती, अनवानी, पायाला माती लागलेली. मंग माज्याकडं वळून म्हनली, "चल, खांद्याला हळद लावू. आन रडू नगंस तेवढं, लई दुखत न्हाई त्ये."